सोग्रस फाट्यापर्यंत एक गोष्ट

मी एमआर. औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराशी ताटकळणारा जो माणूस तुम्हाला दवाखान्यात दिसतो, तो. हेडक्वार्टर नाशिक, आणि महिन्यातले बारा-चौदा दिवस कळवण, सटाणा, मालेगाव, धुळे, पेठ, सुरगाणा अशी फिरती. २३ वर्षं झाली. घरी माझं वाचन जवळपास शून्य. घरी दळण असतं, गॅसचा नंबर लावायचा असतो, टीव्ही कुणीतरी आधीच लावलेला असतो. जे काही वाचलं ते रस्त्यावर. त्यामुळे "प्रवासात वाचायला जमतं कसं?" असं कुणी विचारलं की मला वाटतं, तुम्हाला घरी कसं जमतं ते आधी सांगा.

तर पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. प्रवासातलं वाचन गाडीत होतं, असं आपण धरून चालतो. गाडीत होतं, पण थोडंच. खरं वाचन होतं ते वाट बघताना. माझा कळवणचा दिवस बघा. सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मुख्य बसस्टँडवर, बस लागेपर्यंत अर्धा तास. दिंडोरी, वणी करत कळवणला पोचेपर्यंत दोनेक तास, त्यात चांगली जागा आणि बरा रस्ता मिळून एखादा तास वाचण्याजोगा. पुढे दवाखाने. "डॉक्टर बसले का?" असं कंपाउंडरला विचारायचं आणि पेशंट संपेपर्यंत बाकावर बसायचं, एकेका ठिकाणी वीस मिनिटं, कुठे पाऊण तास. दुपारी दोन ते पाच सगळे दवाखाने बंद, तेव्हा तर राजाच. बेरीज केली की बसमधला एक तास आणि थांबण्यातले चार.

म्हणून पुस्तक बॅगेच्या तळाशी नको, हाताशी हवं. चेन उघडली की पहिलं पुस्तक हाताला लागलं पाहिजे. सॅम्पलची खोकी उपसावी लागली की आपण फोन काढतो, आणि फोन काढला की संपलं. माझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात व्हिज्युअल एड, म्हणजे डॉक्टरांना दाखवायचं औषधाचं फोल्डर, ठेवायचं असतं. तिथेच मी पुस्तकही ठेवतो. एकदा सटाण्यात एका डॉक्टरांसमोर घाईत औषधाच्या फोल्डरऐवजी कादंबरी उघडून धरली आणि "सर, हे आपलं नवीन..." एवढं बोलूनही झालं. डॉक्टरांनी कादंबरी हातात घेतली, मलपृष्ठ वाचलं, आणि मला दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटं दिली. औषधाचं नाव काढायचं राहूनच गेलं.

आता कुठल्या वेळी काय वाचायचं. हे मला चुका करून करून कळलंय. दवाखान्याच्या बाकावर रहस्यकथा कधीच नेऊ नका. खुनी कोण ते कळायला दोन पानं उरलेली असतात आणि कंपाउंडर हाक मारतो. मग आत डॉक्टरांशी बोलताना डोक्यात तेच चालू. तिथे लागतं ते कुठेही तोडलं तरी न दुखावणारं वाचन: ललित लेख, पत्रं, आठवणी, दिवाळी अंकातली सदरं. दुपारच्या बंद वेळेला कादंबरी. सरळ रस्त्याच्या बसला कथा.

कथेचं गणित मी रस्त्यावर मांडलेलं आहे. डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या आकाराचं एक पान मला साधारण दोन मिनिटं लागतं. पिंपळगाव बसवंत सुटल्यापासून सोग्रस फाट्यापर्यंत रस्ता गुळगुळीत, अर्धा तास मिळतो, म्हणजे पंधरा पानांची एक कथा बरोबर बसते. सोग्रसला गाडी सटाण्याकडे वळली की पुढे भावडबारीचा घाट. तिथे पुस्तक मिटायचं. मालेगावकडे जायचं असेल तर चांदवड ओलांडल्यावर राहुड घाट येतो, त्याच्या आधी मिटायचं. पेठच्या रस्त्याला सावळघाट. तुमच्या रस्त्यावरही असे टप्पे असतील. एकदा बसून ते नीट बघून घ्या. मग पुस्तक निवडताना "किती पानांचं" यापेक्षा "कुठून कुठपर्यंतचं" असा विचार आपोआप होतो.

घाटात वाचल्यावर मळमळतं त्याचं कारण साधं आहे. आपल्या कानाच्या आतल्या भागाला गाडी वळतेय, हेलकावतेय हे कळत असतं. डोळे मात्र स्थिर पानावर खिळलेले, ते सांगतात की काहीच हलत नाहीये. दोघांचं भांडण लागतं आणि भोगतं पोट. म्हणून मळमळायला लागल्यावर पुस्तक मिटून उपयोग नाही, घाट सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधीच मिटायचं आणि लांब डोंगराकडे बघत बसायचं. मागच्या चाकांवरची आणि त्यामागची सीटं टाळायची, तिथे धक्के सगळ्यात जास्त. आल्याची वडी खिशात असू द्यावी. उलटीची गोळी मी विकणाऱ्यांपैकी असूनही सांगतो, ती घेतली की बहुतेकांना झोप येते. गोळी घेऊन वाचन करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

जागेचा दुसरा मुद्दा उन्हाचा. याकडे कुणी लक्ष देत नाही आणि मग तासभर डोळे चोळत बसतात. सकाळी नाशिकहून कळवण, मालेगाव, धुळे असं वरच्या अंगाला, उत्तरेकडे निघालात की सूर्य तुमच्या उजव्या हाताला असतो. संध्याकाळी परत येताना तोंड दक्षिणेला, सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजवीकडेच. तेव्हा जाताना डावी खिडकी आणि येतानाही डावीच. मुंबईला सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने निघालात की उलट: ऊन डावीकडून येतं, बसायचं उजवीकडे. रात्रीच्या बसमध्ये मात्र पुढची सीटं वाचायला घेऊ नका. तुमच्या दिव्याचा उजेड समोरच्या काचेत उमटतो आणि ड्रायव्हरला त्रास होतो. तो ओरडला तर त्याचंच बरोबर आहे.

पंचवटीचा विषय निघालाच आहे तर. महिन्यातून एकदा मीटिंगला मुंबई असते. नाशिकरोड ते इगतपुरी वाचन छान होतं, पासवाल्यांच्या गप्पा सोडल्या तर. इगतपुरीनंतर घाट उतरायला लागतो, तिथे चढ-उताराचं प्रमाण ३७ फुटांना १ फूट आहे. वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला जादा इंजिनं जोडावी लागतात ती याचमुळे. रेल्वेत सहसा मळमळ होत नाही, पण एकामागून एक बोगदे येतात आणि खिडकीच्या उजेडावर वाचणाऱ्याची दर ओळीला वीज जाते. जुलै-ऑगस्टात तर इथे वाचू नयेच. दरीत धबधबे लागलेले असताना खाली मान घालून बसणाऱ्याला काय म्हणायचं? कसारा आलं की पुस्तक परत उघडावं. हल्ली सहकाऱ्याच्या गाडीने समृद्धी महामार्गावरून जाणं होतं, २०२५ च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून. मागच्या सीटवर वाचायला हा रस्ता चांगला, फक्त इगतपुरीजवळचा पावणेआठ किलोमीटरचा बोगदा वाचण्यात गेला तर गेला, कळतही नाही.

आता वजन. माझी बॅग आधीच सॅम्पल, गिफ्ट आणि रिपोर्टांनी भरलेली. दोनशे पानांचं डेमी पुस्तक पाव किलोच्या आसपास असतं, ते चालतं. सहाशे-सातशे पानांची कादंबरी खांद्याला लागते आणि एका हातात धरून उभ्याने तर वाचताच येत नाही. यावर मला एका बाइंडरने उपाय दिला, तो जरा तपशिलात सांगतो.

पुस्तक वरून बघा, पाठीच्या बाजूने. पानं छोट्या छोट्या घड्यांमध्ये शिवलेली दिसली, तर ती शिलाई बांधणी. प्रत्येक घडी म्हणजे एक फर्मा, बहुधा सोळा पानांचा. असं पुस्तक बाइंडरकडे नेऊन दोन फर्म्यांच्या मधून सोडवून घेता येतं. मी सातशे पानांच्या एका कादंबरीचे असे तीन भाग करून घेतले, प्रत्येकाला पुठ्ठ्याचं पातळ कव्हर आणि पाठीला कापडी पट्टी. सांगताना एवढंच बजावायचं की प्रकरण संपतं तिथे नाही, फर्मा संपतो तिथेच तोड. नाहीतर पानं सुटतात. पहिला भाग वाक्याच्या मधोमध संपला, "तो दाराशी आला आणि" असा. दुसरा भाग घरी होता. दोन दिवस धुळ्याच्या लॉजवर तो माणूस दाराशीच उभा होता. शिलाई नसून पानं नुसती गोंदाने चिकटवलेली असतील तर हा उद्योग करू नका. तशी पुस्तकं एप्रिल-मेमध्ये बसच्या खिडकीशी उन्हात ठेवली तरी गोंद मऊ होऊन पानं गळायला लागतात.

पुस्तक तोडायची कल्पनाच सहन होत नसेल तर ई-रीडर घ्या. माझ्याकडे किंडल आहे, सहा इंची, वजन दोनशे ग्रॅमच्या आत. त्याचा पडदा कागदासारखा असतो, भर उन्हात फोनपेक्षा स्वच्छ दिसतो आणि बॅटरी आठवडे चालते. मराठी अक्षरं नीट दिसतात, मोठी करता येतात, आणि पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाला याचं मोल विचारा. अडचण येते ती पीडीएफची. जुनी स्कॅन केलेली पुस्तकं सहा इंचात मुंगीएवढी दिसतात. ती आडवी करून वाचा, पान दोन-तीन तुकड्यांत दिसतं पण दिसतं. फुकट आणि कायदेशीर मजकूर भरपूर आहे: ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं आहेत, मराठी विकिस्रोत आहे, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुस्तकं पीडीएफमध्ये ठेवलेली आहेत. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, तेव्हा त्यांचं लेखन केव्हाच खुलं झालेलं आहे. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये लिहिली ती आमच्या नाशिकच्या तुरुंगात. मी ती दुसऱ्यांदा वाचली नाशिकरोडला, लेट झालेल्या गाडीची वाट बघत, फोनवर. एकच करा, जे वाचायचं ते आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. पेठ-सुरगाण्याच्या रस्त्यावर रेंजच्या भरवशावर राहिलात की वाचन खुंटलं.

ऐकायची पुस्तकं घाटासाठी आणि रात्रीसाठी. स्टोरीटेल ॲपवर मराठीत भरपूर आहेत. एकाच कानात इअरफोन घाला, दुसरा मोकळा ठेवा, नाहीतर आपला थांबा मागे जातो. मोटारसायकल चालवताना दोन्ही कान मोकळे. आमच्यातले बरेच जण गाडीवरून फिरतात आणि कानात काहीतरी चालू असतं. त्यांच्याशी माझं या एका विषयावर भांडण आहे.

मुक्कामाचं सांगतो. लॉजवरच्या खोलीत दिवा असतो, पण तो तोंड दिसण्यापुरता. मी नऊ वॉटचा एक एलईडी बल्ब मोज्यात गुंडाळून बरोबर नेतो. खोलीत शिरलं की खटका बंद करून त्यांचा बल्ब काढायचा, आपला लावायचा. होल्डर बहुतेक ठिकाणी पिनचाच असतो. सकाळी उलटं. असे माझे तीन बल्ब मालेगाव आणि धुळ्यात कायमचे राहिलेत, म्हणून आता त्यांचा बल्ब काढला की माझ्या बुटात ठेवतो. बूट घालताना आठवतंच.

पावसाळ्यात पुस्तक प्लास्टिकच्या चेनवाल्या पिशवीत, आणि वाचनालयाचं पुस्तक प्रवासाला न्यायचंच नाही. हा नियम मला महागात पडून कळला. सार्वजनिक वाचनालय, आमची सावाना, १८४० सालची. तिथून आणलेला एक जुना कथासंग्रह जुलैमध्ये पेठला नेला. बॅगेच्या शिवणीतून पाणी आत गेलं आणि संध्याकाळी पुस्तक बाहेर काढलं तेव्हा त्याचा पाव झालेला होता. तसंच झालं तुमचं, तर घाबरून पानं एकेक सोडवायला जाऊ नका, ओला कागद फाटतो. उन्हातही ठेवू नका, वाकडं होतं. पुस्तक उभं करायचं, पानं पंख्यासारखी थोडी उघडी, आणि पंधरा-वीस पानांनंतर एकेक साधा पांढरा कागद किंवा टिश्यू. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. वरचा पंखा चालू. कागद ओले झाले की बदलत राहायचे. जवळपास सुकलं की सपाट ठेवून वर वजन. आमच्याकडे पाटा होता. तीन दिवसांत वाचण्यासारखं झालं, पण पुठ्ठा गेला तो गेलाच. नवी प्रत विकत घेऊन दिली, आणि ती फुगलेली प्रत अजून माझ्याकडे आहे. दिवाळी अंकांचं मात्र असं काही करता येत नाही. गुळगुळीत कागद ओला झाला की पानं एकमेकांना चिकटतात ती कायमची.

सगळी पुस्तकं स्वतःच वाहावीत असंही नाही. नाशिकमध्ये २००९ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. पुस्तकांची पेटी एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे फिरते, तुम्ही पुस्तकाकडे जायचं नाही, पुस्तक तुमच्याकडे येतं. त्यावरून आम्ही चौघा एमआरनी आमची गरिबाची पेटी काढली: कळवणच्या एका केमिस्टच्या काउंटरखाली औषधाचं रिकामं खोकं, त्यात सात-आठ पुस्तकं. वाचून झालं की ठेवायचं, दुसरं उचलायचं. केमिस्टही वाचायला लागला; त्याच्यामुळे शेवटचा भाग कधी जागेवर नसतो ही वेगळी तक्रार. आणि आग्रा रोडने ओझरच्या बाजूला जात असाल तर दहाव्या मैलाजवळ भीमाबाई जोंधळे यांचं पुस्तकांचं हॉटेल आहे. ताट येईपर्यंत हातात पुस्तक. तिथे ऑर्डर उशिरा आली तरी मी तोंड उघडत नाही.

खूण म्हणून बसचं तिकीट वापरू नका. पूर्वीची रंगीत, भोकं पाडलेली तिकिटं वर्षानुवर्षं टिकायची, माझ्या जुन्या पुस्तकांत अजून सापडतात. आताच्या मशिनच्या तिकिटावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात. शिवाय एकदा तपासनीस चढला तेव्हा तिकीट पुस्तकात, पुस्तक बॅगेत आणि बॅग तीन माणसांपलीकडच्या फळीवर होती.

राहता राहिला शेजारी. वाचणाऱ्या माणसाला बसमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "कोणत्या परीक्षेचा अभ्यास?" माझे केस पांढरे झाले तरी येतो. नाही म्हटलं की पुढचा, "मग कशाला वाचता?" याला उत्तर देत बसलात की सोग्रस फाटा येतो. मी पुस्तक थोडं त्याच्याकडे करतो, "गोष्ट आहे, वाचता का?" दहातले नऊ जण हसून खिडकीकडे बघतात.

दहावे एक आजोबा भेटले होते. पिंपळगावला चढले, टोपी, धोतर, हातात टोमॅटोच्या पट्टीची पावती. मी विचारलं तसे म्हणाले, "चष्मा घरी ऱ्हायला. तुम्हीच वाचा ना मोठ्यानं." आता आली का पंचाईत. पण म्हटलं वाचू. बारीक आवाजात सुरू केलं, तर ते म्हणाले, ऐकू येईना. आवाज वाढवला. पुढच्या सीटवरची बाई वळून बसली. कंडक्टर तिकिटं संपवून शेजारी येऊन टेकला. गोष्ट एका विहिरीच्या वाटणीची होती, दोन भावांची. आजोबा मध्ये मध्ये "हां, बरोबर" म्हणत होते, एकदा म्हणाले, "थोरला लबाड हाये." सोग्रस गेलं, भावडबारी लागली, माझा घाटाचा नियम मोडला, पोटात ढवळायला लागलं, पण थांबायची सोय राहिली नव्हती. तरी देवळा आलं तेव्हा अडीच पानं बाकी होती. कंडक्टरने बेल मारायला जरा वेळच घेतला. आजोबा उतरले, बसला वळसा घालून माझ्या खिडकीखाली आले आणि ओरडले, "विहीर कोनाला ऱ्हायली तेवढं सांगा!"

मी शेवटचं पान उघडलं, पटकन नजर फिरवली आणि खिडकीतून वाकून म्हणालो, "धाकट्याला. पण पाणी आटलं."